खाली नाव टाका

मागच्या उन्हाळ्यात परभणीला शिक्षकांचं एक प्रशिक्षण होतं. निवृत्त माणसाला असल्या ठिकाणी शाल-नारळ द्यायला बोलावतात, तसं मला बोलावलं होतं. नारळ घ्यावा आणि निघावं एवढीच अपेक्षा असते; पण माझी एसटी दुपारची होती, म्हणून मी मागच्या खुर्चीवर बसून राहिले. समोर एक तरुण शिक्षक पडद्यावर ब्लॉग दाखवत होता. मुलांनी आपलं लिखाण त्यात टाकायचं, ते कुणालाही वाचता येतं, आणि वाचणाऱ्यानं त्याच्याच खाली आपलं मत लिहायचं. वाचणारा मिळाला की मूल लिहितं, असं तो अगदी कळकळीनं सांगत होता. पोरगा खरं बोलत होता, मी मान डोलवत होते. मग तो म्हणाला की मत देणाऱ्यानं नाव सांगायलाच पाहिजे असं काही नाही, निनावीही लिहिता येतं. तिथं माझी मान थांबली.

मी उभी राहिले आणि विचारलं, निनावी असलेलं तुम्ही पुसता की नाही? तो म्हणाला, मॅडम, ते स्वातंत्र्य आहे. मी म्हणाले, आमच्याकडं पुसत होते. तरुण शिक्षक हसले. म्हातारीला ब्लॉग कळला नाही, असं त्यांना वाटलं असणार. चहाच्या वेळी एकीनं मला समजावून सांगायचा प्रयत्नही केला. बाई गं, तू जन्मायच्या आधी आमच्याकडं तो होता. वीज लागत नव्हती, एवढाच फरक.

दिवाळी अंकवाले दोन वर्षांपासून मागं लागले होते, नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून. तर हे घ्या.

मी मराठीची मास्तरीण. माहेर पेडगावचं, शेतकऱ्याचं घर. नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या प्रशालांमध्ये झाली. मराठी शिकवायची म्हणजे कविता म्हणायच्या आणि गोष्टी सांगायच्या, असं बाहेरच्यांना वाटतं. अर्धा जन्म निबंध तपासण्यात जातो. आणि निबंध म्हणजे काय, तर साठ पोरांच्या साठ वह्यांत एकच सूर्य, एकाच समुद्रातून उगवलेला. आमच्या पोरांनी येलदरीच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि निम्म्यांनी तेही नव्हतं. एकानं आवडतं ठिकाण म्हणून थंड हवेचा डोंगर लिहिला होता. गेला होतास का रे, विचारलं, तर म्हणाला, न्हाई बाई, पण गाइडात हाय.

पोरांचा दोष नव्हता. मूल निबंध कुणासाठी लिहितं? माझ्यासाठी. मी तो का वाचते? पगार मिळतो म्हणून. हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. अशा लिहिण्यात जीव येणार कुठून?

ज्या गावात हे घडलं ते ताडकळसच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या गावात घर जळलं नव्हतं. पण गावाबाहेरच्या दलित वस्तीवरली पोरं वर्गात मागच्या भिंतीला चिकटून बसायला लागली होती, आणि गावातली पोरं त्यांना बोलवत नव्हती. मोठ्यांचं तर विचारूच नका. समोरासमोर आले की दोघंही आपापल्या चपलांकडं बघत जायचे.

शाळेची मागची भिंत बाजाराच्या मैदानाकडं होती. दर गुरुवारी बाजार भरायचा. त्या भिंतीला लोक शेळ्या बांधायचे, टेकून बसायचे आणि पिंका टाकायचे. एका गुरुवारी तिथं तंबूतल्या सिनेमाचं पोस्टर लागलं होतं आणि आमच्या आठवीतली एक पोरगी ते बायांच्या घोळक्याला मोठ्यानं वाचून दाखवत होती. बाया मधेच तिला थांबवून विचारत होत्या, मग पुढं काय झालं? पोस्टरवर असं काय असणार होतं? पण पोरगी तिखटमीठ लावून सांगत होती आणि बाया हलत नव्हत्या. मी मनात म्हटलं, इंदुमती, वाचक तर हे इथं उभे आहेत आणि तू वहीत लाल रेघा मारत बसलीस.

तेवढ्यावर मी भिंत धरली. खालून हाताला येईल तेवढ्या उंचीचा सिमेंटचा गिलावा करून घेतला. पोरांनी बॅटरीचे जुने सेल फोडून आतली काळी पूड काढली, ती पाल्याच्या रसात कालवून गिलाव्यावर घासली. फळा तयार. पावसानं खडू धुऊन जाऊ नये म्हणून वर पत्रा पाहिजे होता. तो किराणा दुकानाच्या अप्पांनी दिला. अप्पा लिंगायत, कमी बोलणारे. पत्रा द्यायच्या आधी त्यांनी एवढंच विचारलं की त्यावर माझ्या उधारीबद्दल तर कुणी लिहिणार न्हाई ना.

पद्धत सोपी होती. दर शुक्रवारी सकाळी एका मुलाचं लिखाण फळ्याच्या वरच्या अर्ध्यात जायचं आणि पुढच्या गुरुवारी बाजार उठला की उतरायचं. विषय एकच, आमच्या घरी काय घडलं. वहीत मी शुद्ध भाषा घासून घ्यायचेच, पण भिंतीवर मूल घरी बोलतं तसं लिहील. खालचा अर्धा फळा मोकळा. वाचणाऱ्यानं तिथं लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही त्यानं सांगायचं. खडू घेऊन एक मूल पाळीनं तिथं बसलेलं असायचं, ते लिहून घ्यायचं. सांगणारा सांगेल तसंच, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही.

पहिल्याच महिन्यात एका म्हाताऱ्या बाबांचं मत भिंतीवर आलं ते असं: "औंदा पाऊस बरा हाय थांब पोरी तंबाखू थुकून येतो हां लिही आता पण मिरगाचा पाऊस न्हाई पडला." गाव आठवडाभर हसलं. बाबा मात्र खूश. येईल त्याला दाखवायचे, हे माझं.

नावाचा नियम त्यानंतर आला. एका मुलीच्या लिखाणाखाली कुणीतरी घाण लिहून पळालं. पोरगी रडायला लागली. मी ते पुसलं आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की आजपासून खाली नाव नसेल ते पुसायचं, मग ते ओवी का असेना. आणि नाव असेल ते गुरुवारी फळा उतरेपर्यंत कुणाच्या बापानं सांगितलं तरी पुसायचं नाही. बापानं हा शब्द मी वापरला होता. पुढं तोच माझ्या गळ्याशी आला, पण मला त्याचा पस्तावा नाही.

तपासणीला एक साहेब आले. त्यांनी भिंतीवरचं 'व्हती' आणि 'न्हाई' वाचलं आणि तोंड कडू केलं. बाई, ही भाषा शाळेत? मी म्हणाले, साहेब, खाली लिहा, नाव टाका. माणूस सरळ होता, त्यानं सुरेख अक्षरात आपली हरकत लिहिली आणि खाली नाव, हुद्दा, सगळं टाकलं. संध्याकाळी एका भाजीवालीनं त्याच्याखाली लिहून घेतलं, साहेब, पोरगी काय म्हणली ते आमाला कळलं, तुमी काय म्हणले ते न्हाई कळलं. त्यावर साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिलं ते मला माहीत नाही. त्याखाली मला मत द्यायची सोय नव्हती.

आता मुख्य गोष्ट.

त्या वर्षी पावसाळ्यात अप्पांचे वडील वारले. अप्पांची मुलगी महानंदा नववीला होती. तिनं भिंतीवर लिहिलं की आमच्या आज्याला जाळलं न्हाई, बसवून पुरलं. आज्याला पाठ लावून बसवलं, हातात लिंग दिलं, जंगमानं मंत्र म्हणले, आन् मला वाटायलं होतं आजा आता उठून दुकानात जाईल. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहणाऱ्या लोकांना हे धड माहीत नव्हतं. गुरुवारी भिंतीपुढं ही गर्दी. खालचा फळा भरला. कुणी लिहिलं आमच्यात जाळतात आणि तिसऱ्या दिवशी राख सावडतात. जैनबबी बांगडीवाली, तिनं आपल्या बोलीत सांगून लिहून घेतलं, "हमारे में सफेद कपडा लगता, और सब मिलके कंधा देते, दुश्मन भी देता." गाव एकमेकांच्या मयतीबद्दल बोलत होतं, पण भांडण नव्हतं. इतकी वर्षं मास्तरकी केली, त्या दिवसाइतकी खूश मी कधी झाले नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वरचा फळा सुभद्राचा होता. सुभद्राही नववीतलीच, वस्तीवरली. वर्गात तिचा आवाज मी फारसा ऐकला नव्हता. तिनं लिहिलं ते मला अजून पाठ आहे.

"आमच्यात बी पुरतात. पण मातीला जायाला वाट न्हाई. पांदण व्हती, ती नांगरली. आमचा आजा मेला तवा त्याला वढ्यातून न्यावं लागलं. पानी कमरंइतकं व्हतं. आमी बाया काठावर व्हतो. तिरडी समद्यांनी डोक्यावर धरली. काकाचा पाय घसरला. आजा पान्यात पडला. मग त्याला धरला. आजा लय वला झाला. माय म्हणली, मेल्यावर तरी माणसाला कोरडं जाऊ द्यावं. आज्याला पान्याची लय भीती व्हती. त्यो जिता असताना कधी वढ्यात उतरला न्हाई."

खाली नाव, सुभद्रा, इयत्ता नववी.

मी ते वर्गात आधी वाचलं होतं. भिंतीवर जाऊ द्यावं की नाही, हा प्रश्न माझ्यासमोर आला होता, खोटं कशाला बोलू? मी सुभद्रालाच विचारलं. ती म्हणाली, महानंदाचा आजा भिंतीवर हाय, माझा पण पाहिजे. मग बोलायचं काय राहिलं?

ती पांदण ज्यांच्या वावरातून जायची त्यांना सगळं गाव मालक म्हणायचं. मीही मालकच म्हणते. पांदण सरकारी नकाशात होती, हे गावाला ठाऊक होतं. विद्यापीठाच्या नावावरून वातावरण तापलं त्या साली मालकांनी ती नांगरून वावरात घेतली आणि हायब्रीड ज्वारी पेरली. वस्तीवरली निम्मी माणसं त्यांच्याच वावरात मजुरीला. बोलणार कोण? सुभद्राच्या लिखाणात मालकांचं नाव कुठंही नव्हतं. पांदण नांगरली, एवढंच होतं. पण दुपारपर्यंत मालकांना कळलं की बाईंनी भिंतीवर तुमची बदनामी लावलीय.

आधी मालकांचा निरोप हेडमास्तरांकडं आला. आमचे हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. तीन मुली उजवायच्या राहिलेल्या, आणि दंगलीच्या दिवसांत त्यांनी नको ते पाहिलेलं. ते मला ऑफिसात बोलावून म्हणाले की बाई, पाऊस आला आणि धुऊन गेलं असं समजा ना. मी म्हणाले, सर, वर अप्पांचा पत्रा आहे, धुऊन जात नाही. मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायचं तर पुसा, पण पुसलं म्हणून खाली तुमचं नाव लिहा. ते बराच वेळ टेबलावरचा कागद इकडचा तिकडं करत बसले. मग म्हणाले, तुम्ही लय हट्टी आहात. आणि पुसायला गेले नाहीत. त्या माणसाचे एवढे उपकार मी मानते.

संध्याकाळी मालक स्वतः माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुमी आपल्यातल्या. पेडगावात तुमच्या वडलांना मी वळखतो. आपल्याच घरावर दगड मारायलात तुमी."

मला राग आला, आणि अजूनही हे लिहिताना येतो आहे. माझ्या वडिलांच्या बांधावरून वस्तीवरची तिरडी जायची आणि वडील बैल थांबवून उभे राहायचे. मी म्हणाले, मालक, भिंतीवर तुमचं नाव नाही. तुम्हाला ते तुमचं वाटलं असेल तर खाली लिहा. बाजारापर्यंत ते तिथंच राहील. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राचा बाप आला, चप्पल हातात घेऊन. बाई, आमाला त्येंच्याच वावरात जावं लागतंय, पोरीचं नाव तेवढं काढा. ह्या माणसापुढं माझा हट्ट चालण्यासारखा नव्हता. घर त्याचं, पोट त्याचं. मी म्हणाले, लिखाण तुमच्या लेकीचं आहे, ती म्हणाली तर आत्ता पुसते. सुभद्राला बोलावलं. ती बापाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, आजा एकदा पडला. आता आपून कशाला त्याला पुन्यांदा पाडायचं?"  बापानं चप्पल खाली ठेवली, पायात घातली आणि गेला. पोरीला शाळेतून काढणार, असंच मला वाटलं. तिनं शाळा सोडली नाही, पण तो आठवडा मी रोज सकाळी फाटकात उभी राहून ती येते का बघत होते.

गुरुवार उजाडला. आठवडा संपून ते लिखाण संध्याकाळी उतरायचं होतं, म्हणजे बाजारातल्या लोकांनी ते वाचायचा हाच एक दिवस. आणि खडू घेऊन बसायची पाळी सुभद्राचीच. हजेरीपटाच्या क्रमानं पाळी यायची, मी मुद्दाम लावली नव्हती; पण मी ती बदललीही नाही. हेडमास्तर म्हणाले, दुसरं कुणी बसवा. सुभद्रा म्हणाली, पाळी माझी हाय.

दुपारी मालक आले, बरोबर चार-सहा माणसं. बाजार थांबला. भाज्यांवर पोती टाकून लोक भिंतीकडं आले. गर्दीच्या कडेला तलाठीही होते, पिशवीत मेथी घेऊन. मालकांना वाटलं होतं की आपण उभे राहिलो की बाई स्वतःच पुसतील. मी म्हणाले, नियम सगळ्यांना एकच आहे, पटलं नसेल तर खाली लिहा. मालकांना लिहिता येत होतं. पण भर बाजारात वाकून खडूनं भिंतीवर लिहिणं त्यांच्या इज्जतीत बसत नव्हतं. ते खडूवाल्या पोरीकडं न बघताच म्हणाले, लिही गं. मग त्यांनी बघितलं, कोण बसलंय ते. पण तोवर सगळा बाजार बघत होता आणि मागं फिरणं त्याहून वाईट दिसलं असतं.

ते म्हणाले, "लिही. वावर माझं. पांदण मी नांगरली. ज्याला जायचं त्यानं वढ्यातून जावं."

सुभद्रानं लिहिलं. तिचं अक्षर गोल होतं, मोठं. ज्यांना वाचता येत होतं ते इतरांना वाचून दाखवत होते, म्हणून प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं. संपल्यावर तिनं विचारलं, नाव काय लिहू?

मालक हसले. "नाव? तुझ्या बापाला इचार माझं नाव."

तिनं ते लिहिलं. सांगणारा सांगेल तसंच, तिला तेच शिकवलं होतं. मालक म्हणाले, आगं हे कशाला लिहायलीस? तिनं तेही लिहिलं. बंद कर म्हणतो ना. तेही. मागून कुणीतरी हसलं, मग अख्खा बाजार हसला. तंबाखूवाले बाबा तर खाली बसून हसत होते. मालकांच्या कपाळाची शीर फुगली होती. सुभद्रा हसली नाही. खडू थांबवून ती म्हणाली, "मालक, नाव सांगा. नाव न्हाई सांगितलं तर मला पुसावं लागंल."

बाजाराचं हसणं थांबलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात काय एवढं, सगळ्यांना माहीतच होतं की कुणाचं वावर. पण माहीत असणं निराळं. 'पांदण मी नांगरली' याच्याखाली नाव आलं असतं तर ती भर बाजारातली लेखी कबुली झाली असती, आणि मेथीची पिशवी घेऊन तलाठी ती वाचत होते. मालकांनी तलाठ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं.  आणि ते वळून चालायला लागले. गर्दीनं त्यांना वाट करून दिली.

सुभद्रा माझ्याकडं वळली. "बाई, त्येंनी नाव न्हाई दिलं."

"मग नियम काय आहे?"

"पुसायचं."

"मग पुस."

तिनं डस्टर घेतलं आणि मालकांचा एकेक शब्द पुसला, खालून वर. वरच्या आपल्या लिखाणाला धक्का लागू नये म्हणून शेवटची ओळ तिनं बोटानं पुसली. 

मग जैनबबी पुढं आली. म्हणाली, लिख बेटी, मय्यत को रास्ता देना, और नीचे मेरा नाम डाल. त्यानंतर तंबाखूवाले बाबा. मग भाजीवाल्या बाया. मग बराच वेळ कुणी नाही. मग दुकानाची गादी सोडून अप्पा आले. त्यांनी खडू हातात घेतला, स्वतः लिहिलं, माझ्या बापाला वाट मिळाली, सगळ्यांना मिळावी. खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. त्या दिवशी ते उतरवायचं होतं. मी नियम मोडला आणि आणखी एक आठवडा फळा तसाच ठेवला. एवढा एकच नियम मी मोडला असेन.

दसऱ्याच्या आसपास वस्तीवरली एक म्हातारी गेली. ओढ्याला अजून पाणी होतं. तिरडी पांदणीच्या तोंडाशी आणून ठेवली. पुढं पुरुषभर उंच हायब्रीड उभं, आणि बांधावर मालकांचे गडी काठ्या घेऊन. भिंतीवर नाव लिहिलेल्यांतले निम्मे आले होते. निम्म्यांना त्या दिवशी नेमकी परभणीला कामं निघाली होती, ती कुणाची ते मी विसरलेली नाही. बायांनी मसणवट्याकडं जाऊ नये म्हणतात. मी बांधापर्यंत गेले. पुढं कोण होतो, यावर सगळे घुटमळत होते. तेव्हा अप्पांनी धोतराचा सोगा वर खोचला आणि ज्वारीची ताटं बाजूला सारत आत शिरले. त्यांच्या मागं जैनबबीचा नवरा. मग तिरडी. एका गड्यानं अप्पांना हटकलं, तर अप्पा म्हणाले, "भिंतीवर नाव लिहून बसलोय बाबा. आता घरी बसलो तर बाजारात तोंड कुठं दाखवू?"

गडी बाजूला झाला. म्हातारी कोरडी गेली.

मालकांनी त्या साली ती तुडवलेली पट्टी पुन्हा पेरली नाही, आणि पुढच्या साली गाडीची चाकोरी पडली. कागदावर कुणी काही केलं नाही. सुभद्राच्या बापाला मात्र मालकांच्या वावरातलं काम परत मिळालं नाही. तो येलदरीकडं मासेमारीच्या कामाला लागला, आणि त्या घराची दोन-तीन वर्षं वाईट गेली. पांदण मोकळी झाली, ही गोष्ट सांगताना हे गाळून पुढं जाता येत नाही.

उन्हाळ्यात माझी बदली झाली, प्रशासकीय कारणावरून. कारण काय ते विचारायला मी गेले नाही. नव्या गावी शाळेची भिंत ओसाड माळाकडं होती, तिथून कुणी जायचं नाही. मी वर्गात पोरांकडून लिहून घ्यायचे, पण वाचायला परत मी एकटीच. त्याची रुखरुख आहे. माझ्यानंतर कुणी ती भिंत चालवेल असं एकही माणूस मी तयार केलं नव्हतं. पुढं एकदा त्या गावावरून गेले तर फळ्यावर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात रंगवलं होतं, नेहमी खरे बोलावे. कोण म्हणतंय ते खाली लिहिलं नव्हतं. मग विद्यापीठाच्या नावाचाही एकदाचा निकाल लागला, कुठं पेढे वाटले, कुठं दारं लागली. त्या दिवशी मला आठवली ती डस्टर धरलेली पोरगी.

सुभद्रा आता नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. हा लेख लिहिला तेव्हा मी तिला फोन करून विचारलं की तुझं नाव बदलू का? ती म्हणाली, "बाई, तवाबी खाली लिहिलंच व्हतं. ऱ्हाऊ द्या."

संपादकांना मात्र काळजी वाटते आहे. जुनी प्रकरणं आहेत, नातवंडं मोठी झाली आहेत, लेख 'एक निवृत्त शिक्षिका' या नावानं छापू, असं ते म्हणाले. मी म्हणाले, मग छापूच नका. मालकांचं आणि गावाचं नाव मी दिलेलं नाही, ते भीतीनं नव्हे. त्यांनी स्वतःच्या बोलण्याखाली नाव दिलं नव्हतं. ते मी कशाला देऊ?

माझं देते. ज्याला पटलं नसेल त्यानं खाली लिहावं, नाव टाकून. नाव नसेल तर पुसेन.

इंदुमती रंगनाथराव कदम, पेडगावकर